दाजींच्या पाठीवर आमचं आडनाव

"उतरव! आधी ती पिशवी उतरव त्यांच्या खांद्यावरनं!"

आई मोबाईलवर ओरडत होती. फोनवर पलीकडे कुणी नव्हतं. ती पडद्यावर चाललेल्या व्हिडिओला ओरडत होती. व्हिडिओत मलेशियातलं एक गोल्फचं मैदान होतं, मैदानावर मी होतो, आणि माझ्या मागे वीस किलोची पिशवी खांद्याला लावून माझे दाजी चालत होते. प्रत्यक्षात हे सगळं होऊन आठ दिवस झाले होते. मी माढा तालुक्यातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात, तिच्या शेजारी पाटावर बसलो होतो. तरी ती माझ्याकडे न बघता पडद्यातल्या मलाच हुकूम सोडत होती, जणू तो ऐकणार होता आणि मागे वळून पिशवी घेणार होता. आवाज असा लागला होता की तिकडे टेंभुर्णीच्या चौकात चार ट्रकवाल्यांनी तरी ब्रेक दाबले असतील.

"आई, हळू. दाजी बाहेरच्या खोलीत बसलेत."

"ऐकू दे की. जावई हायती त्ये ह्या घरचं, हमाल न्हायती. दोन वरसं मला काय सांगत हुतास तू? मॅनेजर हायती म्हणून?"

बाहेर कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वैरागजवळ त्यांची शेती. आमच्याकडे जावई दारात आला की पहिलं काम म्हणजे त्याच्या हातातली पिशवी काढून घेणं. पिशवीत अर्धा किलो पेढे असोत नाहीतर नुसतं कालचं वर्तमानपत्र, जावयाने ती उंबऱ्याच्या आत स्वतः आणायची नसते. जेवताना त्याला पाण्यासाठी हाक मारावी लागली, तर ते पाणी त्या घराला सात पिढ्या पुरतं. आई तर दाजींसमोर पंधरा वर्षांत कधी पाय पसरून बसलेली नव्हती. आणि हाच जावई भर उन्हात, परमुलखात, मेव्हण्याची पिशवी वाहत होता, आणि तो व्हिडिओ आता गावातल्या प्रत्येक फोनवर होता.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा आणि त्याला सल्ला देणारा माणूस, अंगात एक बिनबाह्यांचं जाकीट घालतो. त्या जाकिटाच्या पाठीवर खेळाडूचं आडनाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आईला इंग्रजी येत नाही, पण रेशनकार्डापासून लाईटबिलापर्यंत आयुष्यभर पाहिलेली ती सहा अक्षरं तिला ओळखू आली.

"पाठीवर आपलं आडनाव?" आता आवाज खाली आला होता, आणि तो जास्त वाईट होता. "घरजावई केलास व्हय रं त्यास्नी?"

हे इथवर कसं आलं, ते सांगायला हवं.

माझे वडील पुण्यात एका गोल्फ क्लबावर माळी होते. क्लबाच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या, तिथे मी वाढलो. कुणीतरी टाकून दिलेल्या मोडक्या काठीला वडिलांनी खुरप्याची मूठ बसवून दिली. त्या काठीने मी मारलेला पहिला खरा फटका क्लबाची भिंत, रेल्वेचे रूळ आणि एका मंगल कार्यालयाचा मांडव ओलांडून गेला, आणि चौकशीला आलेल्या वऱ्हाडापुढे वडिलांनी हात जोडले. एकविसाव्या वर्षी मी व्यावसायिक खेळाडू झालो. आधी देशातल्या स्पर्धा, मग आशियातली टूर. टूर म्हणजे दर आठवड्याला नवा देश, गुरुवार ते रविवार खेळ. पहिल्या दोन दिवसांत जे मागे पडतात त्यांना शुक्रवारी संध्याकाळी घरचा रस्ता. वर्षाच्या शेवटी यादीत वर असाल तर पुढच्या वर्षी खेळायचा हक्क मिळतो, त्याला कार्ड म्हणतात. कार्ड गेलं की तुम्ही पुन्हा खुरप्याच्या मुठीपाशी.

वडील निवृत्त होऊन गावी परतले. त्यानंतर मी सुट्टीला सोलापूर जिल्ह्यात येऊ लागलो. मी गोल्फ खेळतो असं सांगितलं की लोक समजुतीने मान डोलवत आणि विचारत, "ते बरं हाय, पण काम काय करतोस?"

माझी खरी अडचण पटिंगची, म्हणजे जवळून चेंडू भोकात ढकलण्याची होती. लांबचा फटका मी असा मारायचो की चेंडूला वरच्या वर विमानतळाची परवानगी घ्यावी लागेल. पण ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या त्या गुळगुळीत कापलेल्या हिरवळीवर, शेवटच्या दहा पावलांत माझा हात लुळा पडायचा. चेंडू जमिनीच्या उताराने कुठे वळणार, हे मला वाचता येत नव्हतं. सुट्टीत सराव हवा म्हणून ताईने वैरागच्या शेतात विहिरीजवळ अर्धा गुंठा दिला. पुण्याहून पिकअपमध्ये गवत आणलं. दाजींनी ते लावलं, जगवलं, कापलं. मी त्यावर सराव करायचो आणि दाजी विहिरीच्या काठावर उकिडवे बसून बघायचे.

दाजींनी उभं आयुष्य दारं धरण्यात घालवलं होतं. पाटातून पाणी येतं, हातात फावडं असतं. एक सरी भरली की तिचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढचीचं फोडायचं. तासन् तास अनवाणी. पाणी पोचायच्या आधी ते कुठे जाणार हे कळावं लागतं, नाहीतर अर्धा ऊस वाळतो आणि अर्धा बुडतो. दाजींना काचेच्या टेबलावर उभं केलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं की सुताराने कुठल्या पायाला रंधा जास्त मारलाय. पण ऊस ठिबकवर गेला. नळीला भोकं पाडलेली आली, आणि दाजींच्या तळपायांना काम उरलं नाही.

एका सकाळी मी ओळीने आठ चेंडू हुकवले.

"पावणं," दाजी काठावरून म्हणाले, "त्यो चेंडू कुटं धाडतोयस?"

"भोकात."

"पाणी तिकडं न्हाय जात."

"दाजी, हा चेंडू आहे."

"मग? चेंडू काय उडत चाललाय व्हय? जमिनीवरनंच जातोय की."

ते उठले, चप्पल काढली, गवतावर चार पावलं चालले आणि भोकापासून चांगलं हातभर डावीकडे अंगठा टेकवला. "हितनं घाल." मी हसत मारला. चेंडू गेला, वळला, कुणी त्याला नावाने हाक मारल्यासारखा, आणि आत पडला. त्या दिवशी दुपारपर्यंत दाजी अंगठा टेकवत गेले आणि मी मारत गेलो. एक तरी हुकला असेल, पण मला आठवत नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचा पासपोर्ट करायला आम्ही सोलापुरात होतो.

त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरी काय सांगायचं?"

"मॅनेजर म्हणून येताय असं सांगू."

"मॅनेजरनं काय करायचं असतं?"

"माझ्याबरोबर चालायचं."

"चालू की."

ताईला खरं माहीत होतं. ती म्हणाली, "आईला कळलं तर मला माहेर बंद हाय बघ. तुझं काय, तू तर तितंच ऱ्हातोस." पण म्हणताना हसत होती. ठिबक आल्यापासून घरात गप्प बसून असलेला नवरा पुन्हा अनवाणी चालायला लागला होता, आणि तिला ते दिसत होतं.

दोन वर्षं आम्ही फिरलो. थायलंड, तैवान, इंडोनेशिया, व्हिएतनाम. पहिल्या दिवशी ते आडनावाचं जाकीट हातात आलं तेव्हा मी पुढे काय होणार म्हणून खाली बघत होतो. दाजींनी ते घातलं, आरशाकडे पाठ करून मान वळवून बघितलं.

"तुज्या ताईनं तेरा वरसं माझं लावलं," ते म्हणाले. "मी चार दिस तुमचं लावतो. फिट्टंफाट."

बाकीच्या कॅडींकडे दुर्बिणी होत्या, ग्रीनच्या नकाशांची पुस्तकं होती. दाजींकडे तळपाय होते. सरावाच्या दिवशी ते चप्पल काढून ग्रीनवर फिरत. तैवानमध्ये एका अधिकाऱ्याने बूट घालायला लावले, तेव्हा त्यांनी शोधून शोधून कागदासारख्या पातळ तळाचे बूट घेतले. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात, जिथे लोक चेंडू ठेवतात, तिथे त्यांची कडक भाकरी आणि ताईने दिलेला शेंगाचटणीचा डबा असे. एका कोरियन खेळाडूने ती चटणी चाखली आणि पुढची तीन होल तो रडत रडत पण पहिल्यापेक्षा सरस खेळला. शुक्रवारची ती गाळणी, म्हणजे कट, मी सतत पार करू लागलो. एकदा व्हिएतनाममध्ये रविवारी दुपारी माझं नाव फलकावर तिसरं होतं. शेवटी मी नववा आलो, पण दोन तास ते तिसरं होतं आणि दाजी त्या फलकाखालून मुद्दाम दोनदा गेले.

मग मला पुण्यात एक नवा मार्गदर्शक मिळाला. चांगला माणूस. तो म्हणाला, तुझी प्रगती थांबली आहे ती कॅडीमुळे. तळपायावर किती दिवस चालणार. शिकलेला, टूरवर मुरलेला कॅडी घे. मी त्याला हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. त्याने दिलेलं ग्रीनच्या उतारांचं पुस्तक मी मागच्या खिशात ठेवू लागलो. दाजींनी ते पाहिलं. 

मलेशियाची स्पर्धा वर्षातली शेवटची होती. कार्ड राखायला मला किती फटक्यांत संपवायचं आहे, ते मला, दाजींना आणि बहुतेक तिथल्या माकडांनाही ठाऊक होतं. ही गोष्ट मी सोलापुरात निदान चाळीस जणांना सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी त्यात वारा वाढत गेला. गेल्या दिवाळीला तर वादळच होतं. खरं म्हणजे वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. शेवटून दुसऱ्या, सतराव्या ग्रीनवर माझा चेंडू भोकापासून बारा-एक हात होता, आणि तो आत गेला तर मी कार्डाच्या बऱ्याच वर होतो.

मी खिशातलं पुस्तक काढलं. उताराचा बाण उजवीकडे दाखवत होता.

"डावीकडं," दाजी म्हणाले.

"पुस्तक उजवीकडे म्हणतंय."

"पुस्तक कवा छापलंय त्ये? ह्या कडंला आत्ता नवी माती घातलीया. पायाला लागतीया माझ्या."

"दाजी, मोजून काढलेले आकडे आहेत हे."

"पाणी डावीकडंच जाणार."

"इथे पाणी नाहीये, दाजी." हे मी जरा जोरात म्हणालो असणार, कारण दोरीपलीकडची माणसं वळली.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली, वाकले, आणि माझ्या चेंडूच्या पुढे, भोकाच्या रेषेवर, बाटली उपडी केली. शांतपणे, नव्या सरीचं तोंड फोडून बघतात तशी.

माझ्याबरोबर खेळणाऱ्या जपान्याने हात वर केला. पंच आले. ग्रीनवर रेषेत काहीही करायचं नाही, तिथली जमीन जशी आहे तशी खेळायची, हा या खेळातला बाराखडीसारखा नियम. दोन फटक्यांचा दंड. पंच समजावत होते, आणि दाजी बाटली पुढे धरून त्यांना मराठीत सांगत होते, "आपलं हाय, आपलं. बाटलीतलं हाय. तुमच्या पाटातलं घेतलं न्हाय." त्यांना वाटलं होतं, क्लबाचं पाणी आपण न विचारता घेतलं म्हणून साहेब चिडलेत. आमच्या भागात पाण्यावरून भांडण होतं ते एवढ्याच कारणाने होतं. ते कुठे सांडलं यावरून कुणाला दंड झालेला त्यांनी ऐकला नव्हता.

मी सांगितलं तेव्हा त्यांना कळलं. ते ग्रीनच्या कडेला गेले, पिशवीशेजारी उभे राहिले आणि मान खाली घातली. मी फटका मारेपर्यंत ती वर केली नाही.

आता जे लिहितो ते त्या चाळीस जणांपैकी कुणालाही सांगितलेलं नाही.

मी चेंडूपाशी गेलो. पाणी अजून गवतावर होतं, आणि ते चालत होतं. बारीक चांदीच्या साखळीसारखं ते डावीकडे गेलं. हातभर डावीकडे. मी ते पाहिलं. नीट पाहिलं. आणि मी पुस्तकाप्रमाणे मारला. त्यात चूक नव्हती, विसर नव्हता. रागाने मारला. दाजी खोटे ठरायला हवे होते, त्या क्षणी मला कार्डापेक्षा ते जास्त हवं होतं. चेंडू भोकापासून हातभर दूर जाऊन थांबला.

कार्ड एका फटक्याने गेलं.

दाजींनी वर पाहिलं तेव्हा चेंडू बाहेर होता. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हात हलला. दंडानंतर हात हलतोच."

विमानात ते खिडकीकडे बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझ्यामुळं गेलं." मी 'नाही' म्हणायला हवं होतं. दोनच अक्षरं आहेत. बडबडीसाठी मी तीन तालुक्यांत ओळखला जातो. आमच्या गल्लीत माझ्या शेजारी उभं राहून कुणाला जांभई देता आलेली नाही. पण त्या दिवशी मला ती दोन अक्षरं सापडली नाहीत. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा जेवणाचा कागद वाचत बसलो.

तर, स्वयंपाकघर. आई पदराने डोळे पुसत होती. माझ्या खिशात फोन होता आणि फोनवर मार्गदर्शकाचा निरोप: एक परदेशी कॅडी मोकळा झाला आहे, पुढच्या महिन्यात कार्ड परत मिळवायची पात्रता स्पर्धा आहे, सोमवारपर्यंत कळव. मी आठ दिवस शब्द जुळवत होतो. आणि आईने ते आयते माझ्या हातात दिले.

मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो. दाजी गादीवर बसले होते, समोर जावयाचा सोनेरी काठाचा कप, अर्धा भरलेला.

"दाजी, ऐकलंत ना. आईला फार लागलंय."

"ऐकलं की."

"जावयाचा मान असतो शेवटी. लोक बोलतात. म्हणून म्हटलं, आता तुम्ही पिशवी नका उचलू."

ते कपात बघत होते. "तुला काय वाटतं?"

"आईचा शब्द मोडवत नाही."

मला. ज्याने पाळण्यात असल्यापासून आईचा शब्द मोडल्याशिवाय एक दिवस घालवला नव्हता. दाजींना हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक असणार.

दाजींनी चहा संपवला. कप बशीत नीट मध्यभागी ठेवला. "बरं हाय," ते म्हणाले. "तुमी म्हणाल तसं."

पंधरा वर्षांत ते मला कधी 'तुमी' म्हणाले नव्हते.

आई बाहेर आली. तिने त्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ दिला, कुंकू लावलं. ती अगदी मनापासून देत होती. तिच्यापुरता घराचा मान परत आला होता. दाजींनी टोपी घातली, नमस्कार केला. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या पिशवीपाशी गेले, बाजूचा कप्पा उघडला आणि चटणीचा रिकामा डबा काढून घेतला. "घरचा हाय," ते आईला म्हणाले, "विचारत असती ती." दारातून बाहेर पडताना त्यांच्या हातातून तो डबा घ्यायला मी पुढे झालो नाही.

परदेशी कॅडीबरोबर मी पात्रता स्पर्धा जिंकली नाही, पण कार्डापुरता वर आलो. सगळ्यांना सांगितलं, बघा. तो उंच, टापटिपीचा, शांत माणूस होता. प्रत्येक ग्रीनवर तो पुस्तक उघडायचा, बाण दाखवायचा, आणि मी वेगळं म्हटलं की म्हणायचा, "तू ठरव." वर्षभरात त्याने मला एकदाही चूक म्हटलं नाही. मी हरताना तो माझ्याबरोबर चालायचा आणि जिंकलो असतो तरी तसाच चालला असता. एकामागून एक शुक्रवारी मी बॅगा भरत गेलो. वर्षाअखेर कार्ड पुन्हा गेलं. त्याने हात मिळवला, शुभेच्छा दिल्या, आणि त्याच दुपारी तो दुसऱ्याची पिशवी उचलून सरावाला गेलेला मला दिसला. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

सणावाराला दाजी येत. सोनेरी काठाच्या कपात चहा घेत. "काय म्हणताय, बरं हाय ना तुमचं?" असं विचारत. गोल्फचा विषय निघाला की त्यांना गुरांना वैरण टाकायची आठवण व्हायची. आमच्या घरी गुरं नाहीत.

आणखी एक वर्ष कार्डाशिवाय गेलं. आता माझी चाळिशी जवळ आली आहे. पुढच्या महिन्यात शेवटची पात्रता स्पर्धा. ती हुकली तर मी थांबणार, असं मी ठरवलं आणि परवा सोलापुरातून गाडी काढून वैरागला गेलो. वाटेत बोलायचं ते एवढ्या वेळा म्हणून पाहिलं की बार्शी फाट्यापर्यंत गाडीच्याही पाठ झालं असेल.

ताई दारात धान्य पाखडत होती. "वावरात हायती," ती म्हणाली. "चहा मागनं. आधी त्यास्नी भेट." मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मला नगं सांगू. त्यास्नीच सांग."

विहिरीजवळच्या माझ्या ग्रीनवर गवत गुडघ्याएवढं झालं होतं आणि त्यात एक शेळी बांधलेली होती. पलीकडे दाजी वाफ्यांना पाणी देत होते, फावडं हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"या, पावणं," ते म्हणाले. "कवा आलाव?"

मी बांधावर उभा राहिलो आणि सगळं सरळ सांगितलं. शेवटची स्पर्धा आहे. दहा दिवस लागतील. मला ग्रीन वाचता येत नाही, कधीच येत नव्हतं. तुम्ही आलात तर जाईन, नाहीतर जाण्यात अर्थ नाही. आईशी मी बोललो आहे; ती म्हणते, त्यांची इच्छा असेल तर माझं काही नाही.

दाजी पाण्याकडे बघत होते. एक वाफा भरला, त्यांनी तोंड बंद केलं, पुढचं फोडलं. मग विचारलं, "कुटं हाय?"

"थायलंडला."

"त्येच का, जितं ग्रीनच्या मागं देऊळ हाय?"

"तेच."

"त्या देवळाकडनं उतार हाय सगळा. पुस्तकात दाखवत न्हायती त्यो." ते थोडे हसले. "पिशवी तीच हाय का, का नवी घेतलीस?"

घेतलीस. दोन वर्षांनी मी पुन्हा 'तू' झालो होतो.

"तीच आहे."

"तिचा पट्टा बदलाय पायजे. खांद्याला काचत हुता. आन् धा दिसाचं काय न्हाय, हितलं तुजी ताई बघंल."

झालं होतं. मला फक्त चहा प्यायला घरी जायचं होतं. पण दोन वर्षं मी जे घेऊन फिरत होतो ते घेऊन थायलंडला जाणं मला जमेना.

"दाजी, त्या दिवशी मी आईचं नाव पुढे केलं. आईचं काही नव्हतं. मलाच दुसरा माणूस हवा होता."

"त्ये तवाच म्हाईत हाय मला," ते म्हणाले. फावडं थांबलंसुद्धा नाही. "तू आन् आईचं ऐकणार."

"आणखी एक आहे. मलेशियात, सतराव्याला. पाणी डावीकडेच गेलं होतं. मी बघितलं होतं. हात हलला नव्हता माझा. मी मुद्दाम पुस्तकाप्रमाणे मारला, तुम्ही खोटे ठरावेत म्हणून. तिथे गेलं कार्ड. तुमच्यामुळे नाही गेलं."

फावडं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाणी वाफा भरून कडेवरून शेजारच्या वाफ्यात उतरायला लागलं, आणि ते बघत असूनही त्यांनी ते तसंच जाऊ दिलं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं त्या माणसाने सकाळ-संध्याकाळ तो एक फटका स्वतःच्या नावावर धरला होता. ताईने नंतर सांगितलं की मलेशियाहून आल्यावर बरेच महिने ते कुणाला पाण्याबद्दल काही सांगत नसत. शेजारी विचारायला आले तरी 'तुमीच बघा' म्हणत.

शेवटी त्यांनी वाकून तोंड बंद केलं, माती दोनदा थापली आणि पुढच्या वाफ्याकडे गेले. मी बांधाबांधाने त्यांच्या मागे चालत गेलो.  शेळी मधेच ओरडली. वाफे संपत आले तेव्हा मला राहवलं नाही.

"मग, दाजी? येताय ना?"

त्यांनी फावड्याची माती दगडावर पुसली.

"कांदा लावलाय," ते म्हणाले. "सोडून याला न्हाय जमायचं."